क्लायंटचं काम फसल्यावर: हिशोबापासून पुढच्या कोटेशनपर्यंत

काम फसलं की छोट्या ऑफिसात दोनच वाक्यं ऐकू येतात. "पार्टीच तसली होती" किंवा "आपलंच चुकलं, जाऊ दे." पहिल्याने राग शांत होतो, दुसऱ्याने वाद मिटतो. पण पुढच्या कोटेशनमधली कोणती ओळ बदलायची, हे या दोन्हींतून कळत नाही. ती ओळ सापडेपर्यंत काय काय करायचं, ते इथे क्रमाने मांडतो.

सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातलं पाच जणांचं सॉफ्टवेअर ऑफिस. मार्केट यार्डातल्या एका वितरकासाठी बिलिंग आणि गोडाऊनच्या साठ्याचं सॉफ्टवेअर बनवायचं काम घेतलं. किंमत सहा लाख, अधिक जीएसटी. मुदत चार महिने, लागले नऊ. दिवाळीच्या तोंडावर सॉफ्टवेअर सुरू केलं आणि पाचव्या दिवशी शेठनी जुनी बिलबुकं बाहेर काढली. व्यवसाय इंटिरियरचा, छपाईचा किंवा फॅब्रिकेशनचा असला तरी खालच्या बहुतेक पायऱ्या तशाच लागू पडतात.

पहिले दोन दिवस: आधी कागद गोळा करा

या दिवसांत कोणाची चूक हे ठरवायला बसू नका. सगळे चिडलेले असतात आणि अशा वेळी घेतलेले निर्णय, विशेषतः कोणाला काढून टाकायचे, महागात पडतात. त्याऐवजी एक फोल्डर करा. मूळ कोटेशन, ते पाठवतानाचा मेल, क्लायंटने होकार दिलेला मेसेज, बिलं, बँकेतल्या नोंदी, प्रत्येक वेळी दिलेल्या कामाच्या प्रती, सगळं त्यात टाका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये जाऊन "एक्सपोर्ट चॅट" करा. क्लायंटसोबतचा ग्रुपही आणि ऑफिसचा आतला ग्रुपही. कोणीही ग्रुप सोडायचा नाही, कोणीही मेसेज पुसायचा नाही, हे स्पष्ट सांगा. माणसं वाईट हेतूने पुसत नाहीत, लाजेने पुसतात. पण नेमका तोच मेसेज नंतर लागतो.

दुसरी गोष्ट क्लायंटच्या डेटाची. "पैसे येईपर्यंत सॉफ्टवेअर बंद ठेवू" हा विचार प्रत्येकाच्या डोक्यात येतो. तो तिथेच सोडा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार अधिकार असलेल्या माणसाला त्याच्याच संगणक यंत्रणेपासून अडवणं हे भरपाई मागण्याचं कारण ठरतं. तुमचं येणं राहतं बाजूला आणि तुम्हीच देणेकरी होता. डेटा एक्सेलमध्ये काढा, द्या, आणि दिल्याची पोच घ्या.

मग एकच पत्र, एकाच माणसाच्या नावाने. साधारण असं:

"नमस्कार शेठजी. सोमवारपासून दोन्ही गोडाऊनची बिलं पुन्हा हाताने सुरू आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. तुमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये आज संध्याकाळपर्यंत पाठवतो. नेमकं कुठे अडलं ते आम्ही तारखांसह तपासतो आहोत. शुक्रवारी सकाळी ११ वाजता दुकानावर येऊन ते तुमच्यासमोर मांडतो. तोपर्यंत काही लागलं तर मलाच फोन करा."

या पत्रात लोटांगण नाही आणि आरोपही नाही. क्लायंटला त्या क्षणी फक्त तीन गोष्टी हव्या असतात: माझा धंदा कसा चालेल, कोणाशी बोलू, आणि कधीपर्यंत. "सर्वस्वी आमचीच चूक आहे" असं घाईत लिहून देऊ नका. तपासायच्या आधी ते खरंही नसतं आणि पुढे तेच वाक्य तुमच्यासमोर धरलं जातं. पैशाच्या तडजोडीचा प्रस्ताव वेगळ्या पत्रात ठेवा आणि त्यावर "विदाउट प्रिज्युडिस" (आपल्या हक्कांना बाधा न आणता) लिहा, म्हणजे बोलणी फिसकटली तर तो प्रस्ताव कबुली म्हणून वापरणं अवघड जातं.

खरा तोटा किती?

बँकेत किती आले नाहीत, एवढ्यावर तोटा मोजला तर तो नेहमी कमी दिसतो. तास मोजा. आपल्या उदाहरणात अंदाज ९०० तासांचा होता आणि प्रत्यक्षात १,७०० लागले. पगार, भाडं, वीज, लॅपटॉप धरून ताशी ४०० रुपये खर्च पडत असेल, तर काम ६ लाख ८० हजारांना पडलं. ॲडव्हान्स आणि डेमोनंतरचा हप्ता मिळून ३ लाख ९० हजार आले. म्हणजे खिशातून २ लाख ९० हजार गेले, शिवाय ठरलेला २ लाख ४० हजारांचा नफाही गेला. त्या जादा तासांत दुसरं कोणतं काम नाकारलं, तेही शेजारी लिहून ठेवा.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते: जादाच्या ८०० तासांची फोड. समजा ती अशी निघाली. मालाच्या याद्या साफ करणं आणि पेटी-डझन-नग यांचा मेळ घालणं, ३५० तास. "दहावर एक फ्री" छापाच्या स्कीम बसवणं, २००. फेऱ्या आणि फोन, १५०. आपल्याच चुकीने पुन्हा लिहावा लागलेला प्रोग्रॅम, १००. फोड करण्यापूर्वी ऑफिसातलं मत होतं की शेठ रोज नवीन काहीतरी मागत होते. फोड सांगते की सगळ्यात मोठा खड्डा मालाच्या यादीचा होता, आणि ती यादी तर पहिल्या दिवसापासून शेठच्या संगणकात होती. कोटेशन देण्याआधी ती कोणी उघडूनच पाहिली नव्हती.

तासांची नोंद ठेवलेली नसेल तर मेसेजच्या वेळा आणि हजेरीवरून अंदाज काढा. पंधरा-वीस टक्के इकडेतिकडे झाले तरी क्रम बदलत नाही.

जीएसटीचं गणित सीएसोबत त्याच आठवड्यात करा. सेवांच्या बाबतीत ॲडव्हान्सवरही कर लागतो आणि बिल फाडलं की पैसे येवोत न येवोत, कर भरावा लागतो. शेवटच्या हप्त्याचं २ लाख १० हजारांचं बिल निघालं असेल, तर १८ टक्क्यांनी ३७,८०० रुपये सरकारजमा झाले. क्लायंटने पैसे बुडवले या कारणाने तो कर परत मिळत नाही. मात्र सेवा अपुरी ठरली म्हणून दोघांच्या संमतीने बिल कमी होत असेल, तर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढता येते. तिची नोंद पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच्या रिटर्नमध्ये गेली पाहिजे, म्हणजे ज्या आर्थिक वर्षातलं बिल आहे ते संपल्यानंतरच्या नोव्हेंबरपर्यंत. समोरच्यालाही त्या बिलावर घेतलेलं कराचं क्रेडिट (वजावट) तेवढ्यापुरतं सोडावं लागतं. म्हणून ही बोलणी चिघळण्याआधी उरकलेली बरी.

येणं मागायचं की सोडायचं

सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडे उद्यम नोंदणी असेल, तर २००६ चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा तुमच्या बाजूला आहे. लेखी करार असला तरी क्लायंटला पैसे देण्यासाठी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत मिळत नाही. करारात मुदत नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. दाद याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, मागता येते आणि अर्ज ऑनलाइन होतो. नोंदणी मात्र आधीची हवी. वाद झाल्यावर धावत जाऊन केलेल्या नोंदणीचा लाभ मागच्या कामाला मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या प्रकरणात म्हटलं आहे.

याच कायद्यातली एक बारीक गोष्ट फसलेल्या कामात फार महत्त्वाची ठरते. काम ताब्यात दिल्यापासून १५ दिवसांत क्लायंटने लेखी हरकत घेतली नाही, तर त्याने ते स्वीकारलं असं धरलं जातं. हरकत घेतली असेल, तर ती दूर केल्याच्या दिवसापासून मुदत मोजली जाते. म्हणजे "आम्ही दिलं होतं" या तोंडी वाक्याला किंमत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या मेलने दिलं, याला आहे.

साधारण वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. हे सगळं माहीत असावं, पण लगेच वापरावं असं नाही. काम खरोखर अर्धवट राहिलं असेल आणि शेठचीही दिवाळी बिघडली असेल, तर उरलेल्या रकमेपैकी निम्म्यावर "पूर्ण व अंतिम" लिहून मोकळं होणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. यार्डातले व्यापारी एकमेकांच्या ओट्यावर बसून चहा पितात. तुमची गोष्ट कोणत्या शब्दांत तिथे पोचते, यालाही किंमत आहे.

तारखांचं पत्रक

आता मुख्य काम. एक कोरं एक्सेल उघडा आणि चार रकाने करा: तारीख; काय घडलं; त्या दिवशी आपल्याला काय माहीत होतं; आपण क्लायंटला काय सांगितलं.

हे पत्रक आठवणीतून भरायचं नाही. निकाल कळला की माणसाला वाटतं, हे तर आधीच दिसत होतं. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच प्रयोगांतून हे दाखवलं होतं. म्हणून प्रत्येक ओळीच्या मागे मेसेज, मेल किंवा बिल हवं. ज्याला कागद नाही ती ओळ वेगळ्या रंगात ठेवा.

दोन माणसांना बसवून एका दिवसात हे होतं. एक जण कामात असलेला आणि एक जण नसलेला. कामात नसलेला माणूस "म्हणजे काय?" असं विचारत राहतो आणि त्याच प्रश्नांमधून निम्मी माहिती बाहेर येते.

आपल्या उदाहरणात पत्रकात हे दिसतं: १२ जूनला अनिता या प्रोग्रॅमर मुलीने आतल्या ग्रुपवर लिहिलं, "सर, एकाच मालाची चार नावं आहेत, आणि गोडाऊनवाले पेटी म्हणतात ती कधी २४ ची, कधी ३० ची." उत्तर आलं, "बघू." त्यानंतर शेठना दर आठवड्याला जाणारा मेसेज एकच: "काम वेगात सुरू आहे." शेठना ही अडचण पहिल्यांदा कळली २० ऑगस्टला. मधले ६९ दिवस तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात दोन वेगळ्या गोष्टी चालल्या होत्या.

फसलेल्या कामाची जी पत्रकं मी पाहिली आहेत, त्यांत ही दरी जवळपास नेहमी सापडते. प्रोग्रॅम चुकतो, लाकूड फुगतं, रंग जुळत नाही. या गोष्टी धंद्यात होणारच, आणि क्लायंटलाही ते कळतं. जूनमध्ये सांगितलं असतं तर शेठनी गोडाऊनच्या माणसाला दोन दिवस बसवून यादी साफ करून दिली असती, किंवा काम तिथेच थांबवलं असतं. दोन्ही परिस्थितींत तोटा आजच्यापेक्षा कमी असता. त्यामुळे पत्रकात सगळ्यात आधी शोधायची ती तारीख: आपल्याला कळलं कधी. मग त्याच्यापुढे: सांगितलं कधी.

बैठक, आणि तिच्यात कोण आधी बोलणार

काम बंद पडल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बसा. अमेरिकी लष्करात प्रत्येक सरावानंतर जी उजळणी होते, तिचे चार प्रश्न आपल्यालाही पुरतात. काय व्हायला हवं होतं? काय झालं? फरक का पडला? पुढच्या वेळी काय तसंच ठेवायचं आणि काय बदलायचं?

प्रश्न सोपे आहेत; अडचण आपल्या ऑफिसांच्या स्वभावात आहे. साहेब आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात. घरचा धंदा असेल तर आणखी कठीण, कारण कोटेशन दादांनी दिलेलं असतं आणि दादांना कोण विचारणार? म्हणून नियम करा: सगळ्यात नवा माणूस आधी, मालक सगळ्यात शेवटी. बोलायला कोणी धजावत नसेल तर प्रत्येकाने दोन गोष्टी चिठ्ठीवर लिहून द्याव्यात आणि कामात नसलेल्या माणसाने त्या वाचाव्यात. कोणाच्याही पगारवाढीचा किंवा नोकरीचा विषय या बैठकीत निघणार नाही, हे सुरुवातीलाच सांगा आणि पाळा. एकदा मोडलं की पुढच्या बैठकीत फक्त चहा होईल.

"का" विचारत जाण्याची टोयोटाची पद्धत इथे चालते, पण तिची एक खोड आहे: दोन-तीन पायऱ्यांत ती कोणाच्या तरी नावावर येऊन थांबते. साठा चुकला, का? पेटीचा हिशोब चुकला. का? अनिताने लक्ष दिलं नाही. इथे थांबायचं नाही. तिने तर १२ जूनला लिहिलं होतं. मग ते शेठपर्यंत का गेलं नाही? कारण क्लायंटशी फक्त सरांनी बोलायचं अशी पद्धत होती, आणि सर त्या वेळी दुसऱ्या कामाच्या ॲडव्हान्सच्या मागे होते. ही गोष्ट बदलता येते. "अनिता, जरा लक्ष देत जा" यातून काहीच बदलत नाही.

शक्य असेल तर क्लायंटच्या बाजूचंही ऐका. शेठ नव्हे, गोडाऊनचा माणूस. सॉफ्टवेअर रोज त्याने वापरायचं होतं. सगळ्या बैठका मात्र शेठच्या केबिनमध्ये झाल्या. पंधरा मिनिटं त्याच्यासोबत घालवली तर तो सांगेल की स्कीमचा माल तो वहीत वेगळा धरतो, आणि ती वही आजवर कोणी मागितलीच नाही.

मोठ्यांचंही असंच होतं

हर्शी ही अमेरिकेतली चॉकलेटची कंपनी. तिने सुमारे ११.२ कोटी डॉलर खर्चून ऑर्डर आणि साठ्याची नवी यंत्रणा उभी केली आणि जुलै १९९९ मध्ये एकदम सुरू केली. पुढे हॅलोवीनचा सण, म्हणजे मिठाईच्या विक्रीचा हंगाम. गोदामात माल होता, पण दुकानांच्या ऑर्डरी वेळेवर निघेनात. १० कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या ऑर्डरी अडकल्या. सल्लागारांनी चार वर्षं सांगितली होती, कंपनीने काम अडीच वर्षांत कोंबलं होतं. मला त्यापुढचा भाग जास्त लक्षात ठेवावासा वाटतो: २००२ मध्ये त्याच कंपनीने त्याच यंत्रणेची नवी आवृत्ती कसलाही गोंधळ न होता बसवली. मार्केट यार्डातलं सॉफ्टवेअर दिवाळीच्या तोंडावर सुरू करणाऱ्याने हे वाचून स्वतःला थोडं कमी दोषी मानायला हरकत नाही, पण पुढच्या वेळची तारीख मात्र बदलावी.

धडा कोटेशनमध्ये उतरवा

बैठकीतून वीस मुद्दे निघतील. त्यातले तीनच घ्या, कारण वीस बदल कोणीही पाळत नाही. कोणते तीन, हे तासांच्या फोडीवरून ठरवा. जिथे तास जास्त गेले तिथे आधी हात घाला. आपल्या उदाहरणात ते असे होतील.

पहिला बदल: माल पाहिल्याशिवाय किंमत नाही. आधी एक छोटं, पैसे घेऊन करायचं काम: याद्या, बिलांचे नमुने, गोडाऊनमध्ये एक दिवस. त्यातून मोठ्या कामाचं कोटेशन. "आधी बघायचे पैसे कसले?" असं पार्टी म्हणेलच. ती रक्कम मुख्य बिलातून वळती करून द्या. तरीही पार्टी तयार नसेल, तर पुढे काय होणार हे तुम्हाला फुकटात कळलं.

दुसरा बदल: काय येत नाही, हे लिहा. कोटेशनमध्ये "यात समाविष्ट" एवढंच लिहायची आपली सवय असते. त्याखाली "यात समाविष्ट नाही" अशी यादी द्या आणि वाढीव कामाची एक ओळ टाका, अशी: "वरील यादीबाहेरचं कोणतंही काम सुरू करण्यापूर्वी त्याचे दिवस व रक्कम मेलने कळवली जाईल आणि लेखी होकारानंतरच ते हाती घेतलं जाईल." त्याच पानावर हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा आणि काम दिल्यावर तपासायला १५ दिवस ठेवा. गणपती ते दिवाळी आणि मार्चअखेर या काळात नवी यंत्रणा सुरू होणार नाही, हेही लिहा. सुरुवात एकाच गोडाऊनपासून होईल आणि जुनी बिलं पंधरा दिवस सोबत चालतील.

तिसरा बदल: शुक्रवारचा मेल. दर आठवड्याला क्लायंटला तीन ओळी: काय झालं, काय अडलं, तुमच्याकडून काय हवं. "काय अडलं" ही ओळ रिकामी ठेवायची नाही आणि ती काम करणाऱ्याने भरायची, मालकाने नाही. मालक फक्त वाचून पाठवेल. "काम वेगात सुरू आहे" हे वाक्य ऑफिसात बंदच करा.

हे तीन बदल कोटेशनच्या मूळ फाइलमध्ये त्याच दिवशी टाका. वहीत लिहिलेले धडे वहीतच राहतात. पुढच्या कामाच्या पहिल्या बैठकीत गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने सुचवलेली एक युक्ती वापरा: सहा महिने गेले आहेत आणि हे काम फसलं आहे असं समजा, मग ते का फसलं ते प्रत्येकाने पाच मिनिटं लिहायचं. काम सुरू होण्याआधी शंका काढणारा माणूस अपशकुनी ठरतो. या खेळात मात्र शंका काढणं हेच काम असतं.

तीन महिन्यांनी

कॅलेंडरवर तारीख टाका. त्या दिवशी शेवटची चार कोटेशनं उघडा आणि पाहा: "समाविष्ट नाही" ही यादी आहे का? शुक्रवारचे मेल गेले का, की दुसऱ्या महिन्यात थांबले? थांबले असतील तर रागावू नका, मेल छोटा करा. एका कामात सूट दिली असेल ("ओळखीची पार्टी आहे, कशाला एवढं लिहायचं") तर ते काम आज कोणत्या टप्प्यावर अडलंय ते बघा.

कधी कधी तोच जुना क्लायंट वर्षभराने फोन करतो. दुसऱ्याने आणखी घोळ घातलेला असतो. अशा वेळी जुना हिशोब आणि नवं काम एका कागदावर आणू नका. जुनं येणं आधी मिटवा, कमी रकमेत का होईना, पण लेखी. नवं काम नव्या कोटेशनने, पूर्ण दराने, आणि पहिली बैठक गोडाऊनमध्ये, त्या वहीवाल्या माणसासोबत. शेठ म्हणाले की "त्याला कशाला, मी आहे ना," तर बैठक पुढे ढकला.